वृषालीचं चाडं

तेलंगणातल्या चिंचधरीच्या मराठी शाळेतला संगणक बोलतो, आणि चक्क गावच्या बोलीत बोलतो. पोरानं काही भलतंच लिहिलं की पडद्यावर उमटतं, "ओळ तीन : हे काय लिवलं? मले समजलं नाई." एखाद्या नावाची ओळख न देताच त्याला कामाला जुंपलं की विचारतो, "हे कोन? आंदी ओळख करून द्या." मागे आदिलाबादहून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी हौसेनं चार अक्षरं बडवली, तर संगणकानं त्यांनाही हेच सुनावलं. साहेब चपापले, मग पोट धरून हसले. आपल्याला ऐकावं लागतं तेच साहेबालाही ऐकावं लागतं हे पाहिल्यापासून पोरांची भीड चेपली.

संगणकाच्या तोंडी ही बोली घालणारी बाई म्हणजे वृषाली मॅडम. वय अडतीस. बांधा ठेंगणा, चालणं भरभर, आणि कानामागे कायम एक पेन खोचलेलं. नोकरी कंत्राटी : जूनमध्ये नेमणूक, एप्रिलमध्ये सुट्टी, पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज. असं तेरा वर्षं चाललंय. नवरा हर्षदीप आदिलाबादच्या कचेरीत कारकून, रोज बसनं जाऊन-येऊन करतो. घरात तिसरी तिची आई सखूबाई. ह्या तिघांच्या दोन खोल्यांतून संगणकाची एक आख्खी भाषा निघाली आहे, आणि मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, गावालासुद्धा त्याचा पत्ता नाही. आपल्याकडे माणूस आधी हैदराबादला जाऊन मोठा व्हावा लागतो, मगच तो गावात दिसतो.

त्या भाषेचं नाव चाडं. ज्यांनी पेरणी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगायला हवं. तिफणीवर, म्हणजे पेरायच्या औतावर, एक लाकडी वाडगं बसवलेलं असतं, त्याच्या बुडाला तीन भोकं, आणि भोकांखाली तीन नळ्या. बाई तिफणीमागे चालता चालता मुठीतून दाणे सोडत जाते आणि ते तीन तासांमध्ये, म्हणजे सरींमध्ये, सारखे पडत जातात. ते वाडगं म्हणजे चाडं. वृषालीनं केलं तेही असंच काम होतं. पोरानं वरून मराठीत लिहायचं, "दाखव", "ठेव", "जोवर", आणि खालून यंत्राला कळतील असे आकड्यांचे हुकूम बाहेर पडायचे. ह्या मधल्या करामतीला जगभर कंपायलर म्हणतात. चिंचधरीत चाडं म्हणतात.

हे नाव तिनं आईसाठी ठेवलं. सखूबाईची मूठ अख्ख्या पट्ट्यात नावाजलेली होती. नवरा भिवाजी एका शेतकऱ्याकडे सालगडी होता आणि लवकर गेला. सखूबाईनं मग पेरणीच्या दिवसांत पैनगंगेच्या काठापर्यंत दहा-बारा गावांत मूठ धरली. काळ्या रानात ती मूठ आवळून चाले, मुरमाड रानात थोडी ढिली सोडी, आणि रान बदललं की पहिल्या दहा पावलांत तिच्या बोटांना ते समजे. ज्वारी उगवून वर आली की माणसं बांधावर उभी राहून सांगत, ही सखूची मूठ. मोठमोठे पाटील आदल्या दिवशी निरोप धाडत. पण दुपारी भाकरीला बसायची वेळ झाली की त्याच बांधावर सखूबाईला पाणी ओंजळीत वरून ओतूनच मिळे. बियाण्याला तिचा हात चालायचा, रांजणाला चालायचा नाही. लहानगी वृषाली आईबरोबर रानात जाई आणि तीही तशीच ओंजळ पुढे करी. त्यात काही वेगळं आहे असं तिला कितीतरी वर्षं वाटलं नव्हतं.

पुढं वृषाली शिकली, आदिलाबादच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाली आणि चिंचधरीच्या शाळेत संगणक शिकवायला लागली. तिथं तिनं पहिल्याच आठवड्यात पाहिलं की पोरं घरात मराठी बोलतात, बाजारात हिंदी, कचेरीच्या दारात तेलुगू, आणि संगणकापुढे बसली की तोंडाला कुलूप. तिथं चौथी भाषा लागे. इंग्रजीचे शब्द पोरं चित्रासारखे पाठ करत आणि एक अक्षर इकडचं तिकडं झालं की सगळं ढासळे. हुशार पोरं मागच्या बाकावर जाऊन बसत. वृषालीला त्याचा फार त्रास झाला. तिनं दोन जुनी पुस्तकं मिळवली, पाचशे पानं छापून आणली आणि शाळा सुटल्यावर हर्षदीपची सहाची बस येईपर्यंतच्या वेळात अकरा महिने खपून चाडं लिहिलं. हर्षदीपनंही हातभार लावला. वजाबाकीला काय शब्द ठेवावा ह्यावर ती अडली होती, तर हा म्हणाला, "आमच्या कचेरीत मिन्हा मनतात. बेरजेले जुमला." निजामाच्या काळातले ते महसुली शब्द तिनं तसेच उचलले. आज चिंचधरीतली सातवीतली पोरं सातातून तीन मिन्हा करतात आणि त्यांच्या आज्यांनाही ते समजतं.

तिची काम करायची एक रीत होती, आणि ही गोष्ट सगळी त्या रीतीवरच आहे. ती आधी कागदावर लिहायची. कागद म्हणजे जुन्या परीक्षेच्या पाठकोऱ्या उत्तरपत्रिका. पेनं दोन, निळं आणि लाल. जे तिनं स्वतः ताडून पाहिलं असेल, ज्याबद्दल तिला पक्कं ठाऊक असेल, ते निळ्यानं. जे नुसतं धरून चाललं असेल, म्हणजे "ह्या यंत्रात असं आहे, दुसऱ्यात असेल की नाही कोण जाणे", ते लालनं. दिसायला साधी गोष्ट, पण किती शहाण्यांना हे जमतं? आपल्याला काय ठाऊक आहे आणि आपण काय नुसतं मानून बसलो आहोत, ह्यातला फरक भल्याभल्यांना मरेपर्यंत कळत नाही.

ह्या रीतीचा प्रत्यय पहिल्यांदा आला तो जुने संगणक जाऊन नवे आले तेव्हा. जुन्या यंत्रात आतल्या घरांचे पत्ते आखूड असत, नव्यात ते दुप्पट लांब झाले. चाडं जुन्याच मापानं पत्ते लिहीत होतं, त्यामुळं अर्धा पत्ता कापला जाई आणि हुकूम भलत्याच घरात जाऊन पडे. वृषालीनं पत्र्याची पेटी उघडली, जुने कागद काढले आणि नुसतं लाल-लाल वाचत गेली. चौदाव्या कागदावर लालनं लिहिलेलं सापडलं : "पत्ता एवढाच लांब, धरलं आहे." एका उन्हाळ्याच्या सुट्टीत काम फत्ते झालं. मुख्याध्यापक उद्धवराव सरांनी त्या वर्षी सगळ्या शिक्षकांना सांगून टाकलं की यापुढे पाठाच्या टिपणात लाल पेन वापरायचं. शिक्षकांनी आठवडाभर वापरलं.

मागच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेत टॅब आले. पाटीएवढे, चकचकीत, सत्तावीस पोरांना सत्तावीस. शाळेत नुसता आनंदीआनंद. टॅबबरोबर एक कागदही आला होता, तो उद्धवराव सरांनी वृषालीला आपल्या खोलीत बोलावून दाखवला. जुने संगणक दहा जानेवारीला जमा करायचे. टॅबमध्ये तयार अभ्यासक्रम भरलेला आहे, आज्ञा इंग्रजीत आणि समजावणं तेलुगूत, संक्रांतीच्या सुट्टीनंतर तोच शिकवायचा.

"मॅडम, मी तुमच्या बाजूनं हाव," सर म्हणाले. "पन कागद नाई."

"चाडं टॅबवर चाललं तर?"

सरांनी कागद पुन्हा एकदा वाचला. ते घरंदाज शेतकऱ्याच्या घरचे, शब्द तोलून देणारे. म्हणाले, "दहा तारखेले तपासणीच्या मॅडम साहेब येऊन राह्यल्या. त्यांच्यापुढं पोरांनी टॅबवर चालवून दाखवलं, त मी त्याईले विनंती करीन. पन 'चालवून दाखवू' असं मी मननार नाई. चाललं पायजे."

म्हणजे हातात होते पस्तीस दिवस. त्यात चाडं टॅबवर उगवलं तर पोरं मराठीत लिहीत राहणार, नाहीतर सत्तावीसातली वीस पुन्हा मागच्या बाकावर. त्या विसांतली एक नववीतली पूनम. शाळेत ती कोणाशी अवाक्षर बोलत नसे. पण तिनं चाड्यात वर्ग झाडायच्या पाळीचा कार्यक्रम लिहिला होता, आणि तो इतका चोख होता की शिक्षकांच्या लाडक्या पोरांचीसुद्धा पाळी चुकत नसे. तेव्हापासून पोरं तिला येऊन विचारत, "पूनम, उद्या कोन?" आणि ती बोलायला लागली होती. वृषालीला तिचीच काळजी सगळ्यात जास्त होती.

टॅबच्या आतलं यंत्र अगदी निराळ्या जातीचं. जुन्या दोन्ही संगणकांचे हुकूम एका घराण्यातले होते, बोली वेगळी तरी कूळ एक. टॅबचे हुकूम म्हणजे दुसराच मुलूख. मिन्हा करायचा आकडा वेगळा, उडी मारायचा वेगळा, आकडे हातात धरायची पद्धत वेगळी. चाड्याची वरची वाटी तीच ठेवून खालच्या नळ्या सगळ्या नव्यानं घडवायच्या होत्या. वृषालीनं नव्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला आणि पहिल्या दोन आठवड्यांत लाल शाईचं एक अख्खं पेन संपवलं.

मग एक चमत्कारिक दुखणं निघालं. तिनं टॅबला आतूनच थेट हुकूम द्यायची सोय केली होती, दोन आणि तीन जुमला. सकाळी उत्तर पाच येई. दुपारी तोच हुकूम दिला की टॅब सगळं बंद करून मोकळा. चार वेळा बरोबर, पाचव्यांदा आडवा. हर्षदीप म्हणाला, "आमच्या साहेबावानी हाय, मूडवर चालून राह्यला." पाच दिवस गेल्यावर कारण सापडलं. टॅबचं यंत्र घाईचं असतं, म्हणून ते थोडे हुकूम जवळच्या खिशात काढून ठेवतं. चाड्यानं नवे हुकूम लिहिले तरी यंत्र कधी कधी खिशातले शिळेच वाचे. "खिसा झटक आणि नवं वाच", असं त्याला दर वेळी मुद्दाम सांगावं लागतं. जुन्या यंत्रांना ते न सांगता कळे. एक ओळ वाढवली आणि दोन अधिक तीन सकाळ-संध्याकाळ पाचच यायला लागले. त्या दिवशी वृषालीनं शाळेत पेढे वाटले. जरा घाईच झाली.

कारण दुसऱ्या दिवशी तिनं पोरांचा खरा कार्यक्रम टॅबमध्ये घातला आणि पडदा कोरा. चूक नाही, तक्रार नाही, "मले समजलं नाई" नाही. टॅबनं कार्यक्रम घेतला, क्षणभर थांबला आणि काम झालं म्हणून गप्प बसला. दुसरा घातला, तोही कोरा. पाळीचा कार्यक्रम, पाढ्यांचा कार्यक्रम, सगळे कोरे. एरवी चाडं शिव्या तरी घालायचं. आता ते नुसतं बघत होतं, आणि वृषालीला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

तेव्हा तारीख होती एकोणतीस डिसेंबर. तिनं पेटीतले आणि नवे, सगळे कागद काढले. लाल टिपणं मोजली तर एकशे सोळा. रोज वीस-बावीस घ्यायची, टॅबवर ताडून पाहायची आणि खरी निघाली की निळ्यानं गिरवायची. सखूबाई ओट्यावर तूर निवडत होती. तिला दिसत होतं की लेक चार दिवस धड जेवलेली नाही.

"काऊन तोंड उतरवून बसली?"

"उगवत नाई, माय. सगळं बरोबर हाय, तरी उगवत नाई."

"वावराले कोसू नोको. आंदी मूठ पाह्य."

"हे वावर नाई, माय!" वृषाली फाडकन बोलली. आणि लगेच ओशाळली. सखूबाई सुपातले खडे वेचत राहिली.

चार जानेवारीला एकशे सोळावं लाल टिपण खरं निघालं. गठ्ठ्यात आता लाल काही उरलं नाही, आणि पडदा कोराच होता. तेरा वर्षांत पहिल्यांदा वृषालीच्या रीतीनं तिला दगा दिला. दुसऱ्या दिवशी ती उद्धवराव सरांच्या खोलीच्या दारापर्यंत गेली, जमत नाही म्हणून सांगायला. सर कुणाशी तरी फोनवर तेलुगूत बोलत होते, म्हणून ती व्हरांड्यात थांबली. पायरीवर पूनम टॅब घेऊन बसली होती.

"मॅडम, मायावाल्या कार्यक्रमाले शिव्या देऊन राह्यलं," ती म्हणाली.

"काय?"

"चाडं. हे पाहा ना."

वृषालीनं टॅब जवळजवळ हिसकावलाच. पडद्यावर ठसठशीत लिहिलं होतं, "ओळ एक : x कोन? आंदी ओळख करून द्या." आठ दिवसांत चाड्याच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. एखादं आजारी पोर उठून भाकरी मागतं तेव्हा आईला होतो तसा आनंद तिला झाला.

पूनमनं नवा कार्यक्रम लिहिला होता. तिच्या आदिलाबादच्या चुलतभावानं तिला सांगितलं होतं की खऱ्या कार्यक्रमात नावाला x लिहितात, म्हणून हिनं गंमत म्हणून ऐटीत x घातला. पहिली ओळ होती, "ठेव x १२". म्हणजे x ची ओळख तिनं रीतसर करून दिली होती, "ठेव" म्हणून. तरी चाडं विचारत होतं, x कोण? वृषाली पायरीवर बसली. सरांचा फोन संपला होता, ते दारात येऊन उभे राहिले, पण तिचं लक्ष नव्हतं. तिनं नुसतं "abc" लिहिलं. चाड्यानं विचारलं, हे कोन? तिनं "आंबा" लिहिलं. चाडं गप्प. "विहीर" लिहिलं. गप्प. "सखूबाई" लिहिलं. गप्प.

टॅबमध्ये चाड्याला मराठी दिसतच नव्हती. पूनमच्या अख्ख्या ओळीत त्याला दिसला तो फक्त तो एक परका x. बाकीचं सगळं त्याच्या लेखी कोरी जागा.

ती घरी गेली आणि पेटी उपसली. लाल शाईकडे ह्या खेपेला पाहिलंच नाही. निळं वाचत गेली, मागून पुढं, थेट पहिल्या दिवसाच्या पहिल्या कागदापर्यंत. तिथं, तिच्या पंचविसाव्या वर्षीच्या टपोऱ्या अक्षरांत, निळ्या शाईनं एक ओळ होती :

"शून्याखाली ते आपलं."

झालं होतं ते असं. संगणकात अक्षरं छोट्या डब्यांत ठेवतात आणि एका डब्यात दोनशे छप्पन्न आकड्यांपैकी एक आकडा मावतो. जुनी यंत्रं त्या आकड्यांचे दोन भाग करीत. अर्धे शून्यापासून एकशे सत्तावीसपर्यंत, आणि उरलेले अर्धे शून्याच्या खाली, उणे. इंग्रजीची सगळी अक्षरं वरच्या भागात बसली होती. मराठीच्या वाट्याला उरलेला भाग आला, म्हणून ते यंत्र मराठीचे डबे उणे वाची. "क" घ्या नाहीतर "ज्ञ" घ्या, पहिला डबा उणे बत्तीस. तरुण वृषालीनं ते पाहिलं, दहा अक्षरं ताडली, दहाही शून्याखाली निघाली, आणि तिनं नियम लिहून टाकला की जे शून्याखाली असेल ते आपलं अक्षर. पुढच्या संगणकानंही तसंच मोजलं, म्हणून ती ओळ निभावली. टॅबचं यंत्र मात्र कुणालाच शून्याखाली मोजत नव्हतं. तेच डबे ते शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत सरळ वर मोजत गेलं. चाडं दारात उभं राहून शून्याखालचं कोणी येतंय का पाहत होतं, आणि तसं कोणी आलंच नाही.

दुरुस्ती अर्ध्या ओळीची होती. वृषालीला ती तिथल्या तिथे सुचली. पण ती तो कागद मांडीवर घेऊन बसून राहिली, आणि तिला राग आला. यंत्राचा नव्हे, स्वतःचा. पत्ता किती लांब, खिसा केव्हा झटकायचा, असल्या एकशे सोळा गोष्टींबद्दल तिला शंका आली होती. त्या तिनं लालनं लिहिल्या होत्या. एका यंत्रानं सांगितलं की तुमची अक्षरं शून्याच्या खाली आहेत, ह्याबद्दल तिला शंका आली नव्हती. ते तिला इतकं ओळखीचं वाटलं की पक्कं ठाऊक असलेल्या गोष्टींत तिनं ते घालून टाकलं. दुसऱ्या कुणाची ही चूक झाली असती की नाही कोण जाणे. तिची झाली, आणि का झाली ते तिला समजलं. बांधावरची ती ओंजळ तिला आठवली, आणि तेव्हाही आपण का म्हणून विचारलं नव्हतं, हेही आठवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून तिनं कानामागचं पेन काढलं, लाल, आणि त्या निळ्या ओळीवर एक आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, "एकशे सत्तावीसच्या वर ते आपलं. सगळ्या यंत्रांत सारखं मोजायचं."

संध्याकाळी सहाची बस आली तेव्हा हर्षदीपला दारातच ऐकू आलं. टॅब विचारत होता, आणि बायको आणि सासू मिळून ते मोठ्यानं वाचून हसत होत्या : "ओळ एक : सखूबाई कोन? आंदी ओळख करून द्या." सखूबाईला वाचता थोडंच येई, पण स्वतःचं नाव येत होतं.

दहा तारखेला शाळेच्या आवारात टेम्पो उभा होता, जुने संगणक न्यायला. तपासणीच्या मॅडम साहेब आल्या. त्यांना मराठी जेमतेम येत होती. सत्तावीस पोरं टॅब घेऊन बसली. वृषाली कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. पूनमनं पाळीचा कार्यक्रम लावला आणि मॅडम साहेबांचं नाव त्यात घालून बटण दाबलं. टॅबवर उमटलं की उद्या वर्ग झाडायची पाळी मॅडम साहेबांची. उद्धवराव सरांनी डोळे मिटून घेतले. मॅडम साहेबांनी शेजारच्या शिक्षकाला अर्थ विचारला, त्यानं चाचरत तेलुगूत सांगितला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पूनमला विचारलं, हे तू लिहिलंस? आतमध्ये कसं चालतं ते सांग. आणि पूनम, जी दोन वर्षांपूर्वी हजेरीलासुद्धा "हजर" म्हणत नसे, ती पंधरा मिनिटं बोलली. मराठीत, मधेच तेलुगूत, अडलं तिथं हातांनी. मॅडम साहेब जाताना सरांना म्हणाल्या की हे टॅबमध्ये राहू द्या, शेजारच्या दोन मराठी शाळांनाही द्या, परवानगीचा कागद मी पाठवते. टेम्पो भरून निघून गेला. उद्धवराव सर वृषालीपाशी आले आणि त्यांनी तिला हात जोडले. घरंदाज पाटलाच्या घरचे सर आणि सखूबाईची लेक. पाहणारे पाहत राहिले.

सखूबाईही आली होती. सरांनीच तिला निरोप धाडून बोलावलं होतं, आणि पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती. कार्यक्रम संपल्यावर ती व्हरांड्यातल्या पाण्याच्या रांजणापाशी गेली, स्वतःच्या हातानं पेला बुडवला आणि निवांत पाणी प्याली. वृषाली शेजारी येऊन उभी राहिली.

"मंग, काय बिघडलं होतं व तुयं?" सखूबाईनं विचारलं. इतके दिवस तिनं विचारलं नव्हतं.

"काई नाई, माय. आपली अक्षरं शून्याच्या खाली हायत असं मी धरलं होतं. ती वर होती."

"खाली हायत मनून कोनं सांगतलं तुले?"

"पैल्या मशीननं."

सखूबाईनं पेला पालथा घातला, पदराला हात पुसले आणि लेकीकडे नीट पाहिलं.

"आन तू मानलं?"